लहान खोलीसाठी टॉवर स्पीकर कसे निवडावेत?

प्रश्न : आमचे घर जुने, चिऱ्यांच्या भिंतींचे आणि कौलारू असून जमीन गुळगुळीत लाल सिमेंटची आहे. त्यातली 13 फूट लांब आणि 11 फूट रुंद अशी एक खोली गाणे ऐकण्यासाठी राखून ठेवली आहे. ऐकणे मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीताचे असते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांपासून आजच्या मैफलींपर्यंत सारे काही. ॲम्प्लिफायर 40 वॅटचा आहे. दुकानदार मोठे टॉवर घ्या म्हणतो, मुलगा स्टँडवर ठेवायचे लहान बुकशेल्फ स्पीकर सुचवतो, मला मात्र कमी उंचीचे, सडपातळ टॉवर आवडले आहेत. आम्ही बहुधा गादी घालून जमिनीवर बसतो. निवड काय पाहून करावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमचा कल योग्य आहे, मात्र त्याचे कारण स्पीकरच्या रूपापेक्षा खोलीच्या मापात आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर 13 फुटांच्या लांबीत 43 हर्ट्झच्या आसपास आणि 11 फुटांच्या रुंदीत 51 हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमू लागते. मोठा टॉवर नेमका याच पट्ट्यात जोर लावतो आणि मग डग्ग्याचा आघात संपला तरी त्याची घुमार रेंगाळत राहते. उलट, काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज 139 हर्ट्झच्या आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास असते. त्यामुळे 50 हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर तुमच्या संगीताला पुरेसा आहे. पियानोचा सर्वांत खालचा स्वर 27.5 हर्ट्झचा असतो, तेव्हा तो ऐकणाऱ्याचा हिशेब वेगळा राहील. जुन्या ध्वनिमुद्रणांत तर खालचा भाग मुळातच तुटपुंजा असतो; तिथे स्पीकरचा कस लागतो तो मधल्या सप्तकांत, गळ्याचा पोत उमटतो तिथे.

माहितीपत्रक वाचताना हॉफमन या अमेरिकी तंत्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम मनात असू द्यावा : लहान पेटी, खोल खर्ज आणि चांगली संवेदनशीलता (म्हणजे थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज) या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात. म्हणून सडपातळ पेटीतून 35 हर्ट्झ आणि 91 डेसिबल या दोन्हींचा दावा केलेला दिसला, तर त्यातला एक आकडा सैल हाताने लिहिला आहे असे समजावे. संवेदनशीलता बहुधा 2.83 व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजतात. हा विद्युतदाब 8 ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युतरोधाचे माप) स्पीकरला एक वॅट देतो, पण 4 ओहमच्या स्पीकरला दोन. त्यामुळे 4 ओहमच्या स्पीकरच्या छापील आकड्यातून 3 डेसिबल वजा केल्याशिवाय तुलना खरी होत नाही. 86 डेसिबलचा, 8 ओहमचा स्पीकर 40 वॅटवर एक मीटर अंतरावर 102 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो आणि तुमच्या खोलीला ते पुरून उरते. दुकानदाराचा मोठ्या टॉवरचा आग्रह इथेच निकालात निघतो.

मुलाची सूचना आवाजाच्या दृष्टीने चुकीची नाही. चांगल्या दर्जाचे स्टँड मात्र महाग पडतात आणि जमिनीवर जागा टॉवरइतकीच अडवतात.

तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील मला गादीचा वाटतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून 95 ते 100 सेंटिमीटरवर असतो आणि बहुतेक टॉवरचा ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा ध्वनिवर्धक, त्याच बेताने बसवलेला असतो. मांडी घालून बसले, की कान 75 ते 80 सेंटिमीटरवर येतो. ट्वीटर आणि वूफर (खालच्या स्वरांचा मोठा ध्वनिवर्धक) एकाखाली एक असलेल्या स्पीकरमध्ये कान असा खाली गेला, की दोघांच्या ध्वनिलहरी क्रॉसओव्हरच्या, म्हणजे दोघांत स्वर वाटून देणाऱ्या मंडलाच्या, पट्ट्यात, सामान्यतः 2 ते 3 हजार हर्ट्झच्या आसपास, जुळेनाशा होतात आणि गायकाचा आवाज मागे सरकल्यासारखा वाटतो. कमी उंचीचा टॉवर इथे खरोखर उपयोगी पडतो. ट्वीटर वूफरच्या केंद्रातच बसवण्याची रचनाही विचारात घ्यावी. टॅनॉय या ब्रिटिश कंपनीची अशी रचना 1947 पासून आणि केफ या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची युनी-क्यू 1988 पासून प्रचारात आहे. तिच्यात कानाच्या उंचीने फारसा फरक पडत नाही. दुकानात ऐकायला जाल तेव्हा संकोच न करता जमिनीवर बसूनच ऐका.

स्पीकर 11 फुटांच्या भिंतीकडे, एकमेकांपासून 6 फुटांवर आणि पाठीमागे किमान दोन फूट जागा सोडून ठेवावेत. पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा बाहेर सोडणारे भोक, मागच्या बाजूला असेल तर हे अधिकच पाळावे. बैठक समोरच्या भिंतीला टेकवू नये आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही नसावी, कारण मध्यावर 43 हर्ट्झचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. उतरत्या कौलांमुळे छत जमिनीला समांतर नाही, हा तुमचा फायदाच आहे. लाल सिमेंटवर मात्र जाड सतरंजी हवी. स्पीकरच्या तळाच्या टोकदार स्पाइकखाली धातूच्या चकत्या ठेवल्या, की जमिनीवर ओरखडे उठत नाहीत. पेटी जमिनीपासून किंचित वर राहिल्याने एमडीएफच्या (लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) तळाला ओल लागत नाही आणि वाळवीची माती चढू लागली तर वेळीच दिसते.

प्रश्न : वडिलांनी आखातातून परतताना आणलेल्या टॉवर स्पीकरच्या वूफरभोवतीचा स्पंज भुगा होऊन गळू लागला आहे. ते टाकून लहान टॉवर घ्यावेत का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : एवढ्यावरून टाकू नयेत. त्या कडेचा पॉलीयुरेथेन फोम दमट हवेत झिजतो आणि किनारपट्टीवर हे लवकर घडते. वूफरचा शंकू आणि त्याला हलवणारी तारेची कॉइल शाबूत असतील, तर नुसती कड बदलता येते. तोपर्यंत ते वाजवू नका, कारण आधार सुटलेली कॉइल घासून कायमची बिघडते. कड बसवताना जुन्या कडेचे माप आणि लवचिकता जुळली पाहिजे, नाहीतर खर्ज बदलतो. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही त्याच वेळी तपासून घ्यावेत. खोली लहान असेल आणि आवाज आधीपासूनच घुमत असेल, तर मात्र दुरुस्तीचा खर्च करण्याऐवजी लहान टॉवर घेणे बरे. नवे घेताना वूफरची कड रबराची आहे ना, एवढे पाहून घ्यावे.