बायोप्सीत 'कॉन्ड्रोमा' आला, तरी सर्जन कॅन्सर धरून का चाललेत?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: वडील 62 वर्षांचे, दीड वर्षापासून आवाज बसलेला, सीटीत स्वरयंत्राच्या क्रिकॉइड कूर्चेत साडेतीन सेंटिमीटरची गाठ. बायोप्सीत 'कॉन्ड्रोमा', म्हणजे साधी गाठ आली. सर्जन मात्र कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर म्हणतात आणि केमोचं नावही काढत नाहीत. विश्वास कोणावर ठेवायचा?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे तुकडे मायक्रोस्कोपखाली मीच पाहते, आणि तरी सांगते, सर्जनचं म्हणणं मनावर घ्या.

ही गाठ वरच्या आवरणाखाली, कूर्चेच्या आत वाढते. दुर्बिणीतून नुसता गुळगुळीत फुगवटा दिसतो. गाठ इतकी टणक की चिमटा घसरतो आणि आमच्याकडे डाळीएवढा तुकडा येतो, कधी तर फक्त वरचं आवरण. कॉन्ड्रोमा आणि कमी ग्रेडचा, म्हणजे कमी आक्रमक कॉन्ड्रोसार्कोमा यांच्या पेशी जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यात एकाच गाठीचा एक कोपरा साधा आणि शेजारचा कॅन्सरचा असू शकतो. त्यामुळे गाठ केवढी आहे, कूर्चा पोखरून बाहेर आली आहे का, हे सीटीत बघूनच रिपोर्टचा अर्थ लावावा लागतो. आत मक्याच्या लाह्यांसारखे चुन्याचे डाग दिसले, तर गाठ कूर्चेचीच असण्याची शक्यता मोठी. स्वरयंत्रातला खरा कॉन्ड्रोमा फार विरळा, आणि असला तरी बहुधा लहान. साडेतीन सेंटिमीटर ऐकून मलाही शंका आली असती. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) दोन्ही मागून घ्या आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, जिथे अशा गाठी नेहमी पाहिल्या जातात, सीटीसकट दाखवा.

केमो देत नाहीत ते हलगर्जीपणाने नव्हे. या पेशी सावकाश वाढतात, केमोला फारशी दाद देत नाहीत. रेडिएशनही इथे सहसा पहिला उपाय नसतो; कवटीच्या तळाशी हीच गाठ झाली तर तिथे ऑपरेशननंतर प्रोटॉन रेडिएशनचा उपयोग होतो. स्वरयंत्रात मुख्य इलाज ऑपरेशनच.

आता खरा प्रश्न आवाजाचा. श्वासमार्गात पूर्ण गोल कडं असलेली कूर्चा एकटी क्रिकॉइडच. तिचा मोठा भाग काढला तर श्वासाची वाट आधाराविना खचते, आणि मग पूर्ण स्वरयंत्र काढून गळ्याला कायमचं छिद्र ठेवावं लागतं. पण कमी ग्रेडची गाठ शरीरात इतरत्र क्वचितच पसरते. म्हणून आधी गाठीपुरताच भाग काढून स्वरयंत्र वाचवणं, पुन्हा वाढली तर पुन्हा काढणं, हा मार्गही रास्त आहे. 'थोडक्यात निभावेल का?' हे सर्जनना स्पष्ट विचारा. ग्रेड जास्त निघाला तर हिशेब बदलतो. आणि तपासण्या वर्षानुवर्षं चालू ठेवायच्या. ही गाठ दहा वर्षांनीही परत येते.

सेकंड ओपिनियनसाठी थोडे आठवडे घेतले तरी चालतील. पण वडिलांना श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.