दुसऱ्यांची रडगाणी ऐकून माझं काय बरं होणार?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपताना तोच डोक्यात राहिला. आईंना साताऱ्याहून उपचारासाठी कांदिवलीला तुमच्याकडे आणलंय, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढला, आता केमोचे दोन डोस झालेत. बऱ्या झालेल्या पेशंटच्या बैठकीला घेऊन जा असं कुणीतरी सुचवलं, तर आई म्हणतात, "दुसऱ्यांची रडगाणी ऐकून माझं काय बरं होणार?" आणि तुम्हाला भीती, की तिथे जाऊन त्या उलट खचल्या तर?

न्या त्यांना, असंच मी म्हणेन. मी स्वतः २०११ साली यातून गेले, तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. उपचार संपल्यापासून दर महिन्याला अशा बैठकीला बसतेय, त्या अनुभवावरून लिहिते.

आईंची चीड मला पूर्ण कळते. आजार कळल्या दिवसापासून त्यांनी गोष्टीच ऐकल्या असतील. "आमच्या मामेसासूला झाला होता, आता ठणठणीत आहे." नाहीतर, "अमक्याची बायको सहा महिन्यांत गेली हो." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण या गोष्टींत फक्त शेवट असतो. मधलं काहीच नसतं. आणि पेशंट तर त्या मधल्यातच उभा असतो. ज्यानं स्वतः भोगलंय, तोच हे मधलं सांगू शकतो.

मला पहिली गोष्ट सांगितली ती बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं. परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, देशभरातून माणसं येतात आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहतात. ऑपरेशननंतर आखडलेला उजवा हात पदराखाली धरून मी बसले होते. त्या बाईनं नाव विचारलं नाही, कुठला कॅन्सर विचारलं नाही. म्हणाली, "वेणी घालता येते का?" मी नाही म्हणून मान हलवली. मग तिनं सांगितलं, की भिंतीला तोंड करून उभी राहा, बोटं मुंगीसारखी वर वर चढव, जिथं थांबतील तिथं पेन्सिलीनं खूण कर आणि तारीख घाल. हा व्यायाम फिजिओथेरपिस्टनंही शिकवला होता, कागद घरी होता. पण कागदावर पेन्सिल नव्हती. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मी खुणा करत गेले. कधी दोन दिवस खूण तिथंच, कधी बोटभर वर. ज्या दिवशी फळीवरचा चहाचा डबा हाताला लागला, त्या दिवशी मी तो खाली घेऊन ओट्यावर ठेवला आणि नुसती बघत उभी राहिले. पुढे भिंतीला रंग लावला तेव्हा तेवढा तुकडा मी रंगवू दिला नाही.

असं पुष्कळ काही मला गोष्टींतूनच कळलं. केमोतलं लाल रंगाचं औषध दिल्यावर लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधू द्यायचा नाही. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, आणि उपचारासाठी गावाहून यायला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. एका काकूंनी शिवलेली पिशवी दाखवली, आत मोहरी भरलेली. नुसता कापूस हलका पडतो, ब्लाउज वर सरकतो, मोहरीनं वजन सारखं राहतं. हे डॉक्टरांना विचारायला जीभ रेटत नाही, आणि पाच मिनिटांत त्यांनी तरी काय काय सांगायचं?

ही काही नवी गोष्ट नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर या बाईंचं हेच ऑपरेशन झालं. पुढे त्या स्वतःच इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या, बरोबर हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी. त्यातून उभं राहिलेलं काम आज कितीतरी देशांत चालतं. आपल्याकडे तर हे गाजावाजा न करता रोजच होतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बघा. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून पेशंटला घेऊन आलेली माणसं, बोली वेगळी, जात वेगळी, पण दोन दिवसांत एकमेकांच्या तारखा पाठ. "तुमचं रेडिएशन कितवं आज?" ही तिथली चौकशी.

आमच्या बैठकीतले एक काका मला कधी विसरता येणार नाहीत. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आखडला. पहिले तीन-चार महिने त्यांची बायकोच बोलायची, ते शेजारी रुमाल धरून बसायचे. एकदा त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं आणि खिशातून रबरबँड लावलेला आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा काढला. अशा काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची, म्हणजे तोंड उघडायला लागतं. त्यांनी एकेक काडी टेबलावर मांडली. सुरुवातीला सात मावायच्या, त्या दिवशी चौदा. मग ते बोलले. उच्चार अडखळत होते, काही शब्द दोनदा म्हणावे लागले, पण कुणी मध्ये पडून वाक्य पुरं करून दिलं नाही. त्यांनी सांगितलं, की आज सकाळी चमच्यानं भात खाल्ला. समोर एक पंचविशीतला मुलगा बसला होता, ऑपरेशनला आठवडा बाकी. इतका वेळ खाली मान घालून होता. त्यानं पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं, "काका, काड्या कुठून आणल्या?"

नावाजलेल्या माणसांच्या गोष्टींचंही मोल आहेच. शरद पवारांनी तोंडाच्या कॅन्सरबद्दल जाहीरपणे सांगितलं, २०१८ साली सोनाली बेंद्रे यांनी केस कापतानाचा व्हिडिओ लोकांसमोर ठेवला. त्यानंतर ज्या घरांत हा शब्द उच्चारत नव्हते तिथंही बोलणं सुरू झालं. मात्र न्यूयॉर्कला उपचार घेणाऱ्यांची गोष्ट आणि चाळीच्या सामाईक संडासाच्या रांगेत केमोनंतर उभं राहण्याची गोष्ट एक नव्हे. आईंना दुसरी जास्त उपयोगाची.

आता तुमची भीती. गोष्टी ऐकून आजार बरा होतो, आयुष्य वाढतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९८९ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी ८६ बायकांवरचा अभ्यास छापला होता, शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या. त्यात गटात बसून बोलणाऱ्या बायका जास्त जगल्या असं दिसलं आणि जगभर आशा वाढली. २००१ साली २३५ बायकांवर तोच प्रयोग झाला तेव्हा आयुष्यात फरक आढळला नाही. फरक आढळला तो मनाच्या त्रासात आणि वेदनेत, आणि ज्या आधी जास्त त्रासात होत्या त्यांना तो जास्त जाणवला. मला एवढं पुरेसं वाटतं.

आणि हो, तिथं वाईटही ऐकू येईल. आमची एक मैत्रीण, पाच वर्षांनी आजार परत आला, हाडांत. तेव्हा आम्ही एक चूक केली, जिची मला आजही लाज वाटते. नवे पेशंट घाबरतील म्हणून तिला बोलायला सांगणं आम्ही हळूहळू बंद केलं. कुणी ठरवून नाही, पण केलं. तिनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "बरी असताना माझी गोष्ट चालत होती ना तुम्हाला?" कुणाकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर ती दर वेळी बोलली. दुखायला लागल्यावर गोळी घ्यायची नाही, घड्याळ बघून वेळेवर घ्यायची, हे तिनं समजावलं. मुलीला कपाटाच्या किल्ल्या कशा दिल्या तेही सांगितलं. बायका रडल्या, पण पुढच्या महिन्यात सगळ्या आल्या. ती गेली तेव्हा तिच्या घरी आम्ही अकराजणी होतो आणि तिची मुलगी कुणाला ओळख विचारत नव्हती, तिला सगळ्यांची नावं माहीत होती.

नेताना थोडं सांभाळा. डोसनंतर पांढऱ्या पेशी खाली येतात ते दिवस टाळा, कधी ते डॉक्टरांना विचारा. कुणी काढा, पथ्य, चमत्काराचं पाणी सांगायला लागलं तर उठून या, चांगल्या बैठकीत ते चालू देत नाहीत. आईंना बोलायचा आग्रह धरू नका. आमच्याकडे एक ताई आठ महिने नुसती चहा घेऊन जायची.

तुम्ही लिहिलंय की त्या डावा हात खांद्याच्या वर नेत नाहीत, आंघोळीला सूनबाई मदत करते. टाके सुकलेत का आणि व्यायाम चालेल का हे आधी फिजिओथेरपिस्टना विचारून घ्या. ते हो म्हणाले की बैठकीची वाट बघू नका. त्यांच्या खोलीतली एक भिंत मोकळी करा, पेन्सिल द्या, आणि पहिली तारीख त्यांनाच घालू द्या.