वाचक विचारतात : पावसाळ्यातले पिवळे बेडूक

प्रश्न : पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या भातखाचरांत पिवळेधमक बेडूक दिसतात आणि थोड्याच दिवसांत नाहीसे होतात. ही वेगळी, विषारी जात आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : हे बेडूक विषारी नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत, ते आपले नेहमीचे मोठे बेडूक, बुलफ्रॉगच, म्हणजे विणीच्या काळात रंग पालटलेले नर असतात. एरवी नर आणि मादी दोघेही शेवाळी-तपकिरी असतात. विणीच्या वेळी मादीचा रंग तसाच राहतो, नर मात्र पिवळा होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या पिशव्या फुगतात.

बेडकाच्या त्वचेत रंगपेशींचे थर असतात. वरच्या थरात पिवळी-तांबडी रंगद्रव्ये, त्याखालच्या थरात प्रकाश परावर्तित करणारे ग्वानिन या पदार्थाचे स्फटिक आणि सर्वांत खाली मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य असलेल्या, फांद्या फुटलेल्या पेशी असतात. मेलॅनिनचे कण या फांद्यांमध्ये पसरले की त्वचा काळवंडते आणि ते पेशीच्या मध्याशी गोळा झाले की वरचे रंग उजळून दिसतात. कण पसरवण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक करते, म्हणूनच एकच बेडूक काळोख्या, ओल्या जागी गडद आणि उजेडात फिकट दिसू शकतो. हिरव्या बेडकांच्या बाबतीत तर आणखी विलक्षण गोष्ट आहे : बहुतेकांच्या त्वचेत हिरवे रंगद्रव्यच नसते, स्फटिकांवरून परतलेला निळसर प्रकाश पिवळ्या थरातून गाळून येतो आणि आपल्याला हिरवा दिसतो. संग्रहालयात अल्कोहोलमध्ये ठेवलेले हिरवे बेडूक पुढे निळे पडतात, कारण पिवळे द्रव्य अल्कोहोलात विरघळून जाते.

बुलफ्रॉगची वीण थोड्या दिवसांत उरकते. डबक्यात नरांची दाटी होते आणि त्या धांदलीत ते एकमेकांनाही मिठी मारतात. अशा वेळी पिवळा रंग नर ओळखण्याची खूण ठरत असावा. वीण संपली की रंग उतरतो, आणि शेवाळी झालेला तोच नर गवतात नजरेस पडत नाही.

हाच रंग बेडकांच्या जिवावरही उठतो, कारण कोकणात आणि गोव्यात खाण्यासाठी बेडूक पकडणाऱ्यांना हे नर बॅटरीच्या उजेडात चटकन सापडतात. 1987 मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तरी ही चोरटी शिकार चालूच असते. आपल्या खाचरांत ती होत असेल, तर वनविभागाला अवश्य कळवावे.