क्रेडिट कार्ड फ्रॉड आणि ओळखचोरीपासून कसं वाचायचं? ओटीपी कुणाला दिला नाही म्हणजे पुरेसं आहे ना?

नाही, पुरेसं नाही. तुमच्या प्रश्नातलं ते दुसरं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो, एरवी मी वाचून पुढे जातो. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकून घेतलंय. आयुष्यात कुणाला ओटीपी सांगितलेला नाही, तरी माझ्या पॅनवर दुसऱ्याच माणसाने क्रेडिट कार्ड काढलं, वापरलं आणि बुडवलं.

सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, खरेदीखताच्या प्रती, हेच दिवसभर. शे-दीडशे लोकांचे आधार-पॅन रोज माझ्या मशिनच्या काचेवर पडतात. लोकांचे कागद कुठून कुठे फिरतात ते मी जवळून बघतो.

मे २०२४ ची गोष्ट. घराची मागची बाजू पाडून दोन खोल्या काढायच्या होत्या, म्हणून बँकेत कर्जाचा अर्ज केला. साहेबांनी माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंद, काढला, बराच वेळ बघत बसले आणि मग स्क्रीनच माझ्याकडे वळवली. स्कोअर, म्हणजे त्या नोंदीवरून ठरलेला पतीचा आकडा, ५६१. "तुमचं एक कार्ड आहे, अडुसष्ट हजार थकलेत, सव्वा वर्ष एक रुपया भरलेला नाही." माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही, कधी नव्हतं. रिपोर्टात नाव माझं, पॅन माझा, जन्मतारीख माझी. पत्ता दुसऱ्या राज्यातला आणि मोबाईल नंबर कधी न बघितलेला.

संध्याकाळी अक्काकडे जेवायला होतो. दाजी बँकेतून रिटायर झालेत, आमच्याकडे पैशाच्या कुठल्याही विषयात त्यांचा शब्द शेवटचा. सगळं ऐकून म्हणाले, "ओटीपी दिल्याशिवाय असलं काही होतंच नाही. दिला असशील कुठंतरी, आता तुझ्या लक्षात नाही." मी म्हटलं, "दाजी, नाही दिला." तर अक्काकडे बघून म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." आईने ताटातला हात थांबवला. रात्री घरी आल्यावर बायकोने दिवा घालवताना हळूच विचारलं, "खरंच दिला नव्हता ना?" अडुसष्ट हजारांपेक्षा ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न, "तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का?" नाही म्हटल्यावर उत्तर आलं, "मग फसवणूक कार्ड देणाऱ्यांची झालीय, तुमची कशी?" साधा अर्ज घेतला आणि पोच दिली. गुन्हा कुठल्या कलमाखाली येतो ते मीच नंतर शोधलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी (66C). दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. यात तुमच्या खात्यातून पैसे गेलेच पाहिजेत अशी अट नाही. तुमच्यावर वेळ आली तर अर्जात कलमाचा आकडा स्वतः लिहा आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी तो नंबर मागतात.

मग कार्ड देणाऱ्या कंपनीला लिहिलं: ज्या कागदांवर तुम्ही हे कार्ड दिलंत ते मला दाखवा. कस्टमर केअरने दोन आठवडे उडवून लावलं. नोडल ऑफिसरच्या, म्हणजे कंपनीने तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, पत्त्यावर ईमेल केल्यावर एक पीडीएफ आली. पहिल्या पानावर अर्ज, त्यावर भलत्याच माणसाचा फोटो. दुसऱ्या पानावर माझ्या पॅनची झेरॉक्स.

ती झेरॉक्स बघताक्षणी ओळखली, कारण ती माझ्याच मशिनवर निघालेली होती. २०२१ च्या दिवाळीच्या आसपास माझ्या जुन्या मशिनच्या ड्रमवर चरा पडला होता. उजव्या कडेपासून बोटभर आत, वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ प्रत्येक प्रतीवर यायची आणि मध्यावर जरा जाड व्हायची. गिऱ्हाईक कुरकुर करायचं. ड्रम महागाचा, म्हणून मी तीन आठवडे तसंच रेटलं आणि मग बदलला. पीडीएफमध्ये तीच रेघ होती, मध्यावर तशीच जाड. म्हणजे ही प्रत त्या तीन आठवड्यांतली. त्या काळात माझ्या स्वतःच्या पॅनची प्रत मी एकाच ठिकाणी दिली होती, मुलीसाठी मोबाईल हप्त्यावर घेतला तिथे. काउंटरवरच्या पोराने ती एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टाकली, तिथे आधीच वीतभर गठ्ठा होता.

पीडीएफ घेऊन मी दाजींकडे गेलो. त्यांना अर्जावरचा मोबाईल नंबर दाखवला. ओटीपी गेला होताच की! तो अर्जावरच्या नंबरला गेला आणि अर्जावरचा नंबर चोराचा होता. माझ्या फोनला काही कळायचं कारणच नव्हतं. आपला ओटीपी आपण जपला तर आपलं खातं वाचतं. आपल्या नावाने कुणी नवीन खातंच उघडलं, तर त्याचा ओटीपी आपल्याकडे येतच नाही. एवढी साधी गोष्ट तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला मान्य करायला जड गेली. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी जाहीर सांगितलं होतं की त्यांच्या पॅनवर कुणीतरी अडीच हजारांचं कर्ज काढलं आणि त्यांचा स्कोअर बिघडला. त्याच्या दोनेक महिने आधी सनी लिओनी यांचीही तशीच तक्रार होती. मी दाजींना विचारलं, यांनीही ओटीपी दिला होता का? ते म्हणाले, "मोठ्या लोकांचं वेगळं असतं." वेगळं काही नसतं. पॅनचा नंबर सगळ्यांचा दहाच अक्षरांचा.

आता तुम्हाला काय करायचं ते. आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. देशात असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चारही जणांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फक्त सिबिल बघून थांबू नका. ते कार्ड माझ्या तीन रिपोर्टांत होतं, आणि चौथ्यात एका ॲपवरचं चार हजारांचं कर्ज निघालं जे बाकी तिघांकडे नव्हतंच. रिपोर्टात स्कोअरच्या आधी पत्ते आणि मोबाईल नंबर यांचा रकाना वाचा. चोर पहिल्यांदा तिथे दिसतो.

चूक सापडली तर त्या कंपनीकडे वाद नोंदवायचा, ते कर्ज देणाऱ्याला विचारतात. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. मला ते मिळाले नाहीत, कारण अठ्ठाविसाव्या दिवशी "माहिती बरोबर आहे" असं उत्तर टाकून त्यांनी वाद बंद केला. मग मी रिपोर्टवाली कंपनी आणि कार्डवाली कंपनी, दोघांनाही लेखी तक्रार दिली, महिनाभर वाट बघितली आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. ती तक्रार ऑनलाईन करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अर्जावरचा फोटो आणि माझा फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. ऑक्टोबरमध्ये ती नोंद माझ्या रिपोर्टातून काढून टाकली. तोवर एक पावसाळा आम्ही मागच्या भिंतीला ताडपत्री बांधून काढला होता.

झेरॉक्सबद्दल माझं मत कडक आहे, दुकानदार असूनही. प्रतीवर कोऱ्या जागेत "फक्त अमुक कामासाठी" लिहिण्याचा काडीचा उपयोग नाही. कोऱ्या जागेवर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून पुन्हा प्रत काढली की तुमचं लिहिलेलं गायब, दहा सेकंदांचं काम. लिहायचं ते फोटो आणि नंबर यांच्यावरून आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला. नंबर वाचता आला पाहिजे, पण शाई त्याच्यावरून गेली पाहिजे. कुणी कुरकुर केली तर करू द्या.

आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साईटवरून डाउनलोड करताना तसा पर्याय असतो, मग शेवटचे चारच आकडे दिसतात. २७ मे २०२२ ला यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारच्या झेरॉक्स वाटू नका, मास्क्ड वापरा. मी ते छापून दुकानात भिंतीवर लावलं. २९ तारखेला सरकारने ते मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. माझ्या भिंतीवर तो कागद अजून आहे. पत्रक मागे घेतलं असेल, मास्क्ड आधारची सोय तशीच आहे.

सायबर कॅफेत किंवा माझ्यासारख्याच्या दुकानात आधारची पीडीएफ उघडलीत तर उठण्याआधी ती डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून स्वतः पुसा. तिचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असा असतो, आणि तुमचा फॉर्म ज्याने भरला त्याला दोन्ही माहीत असतं. कम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप लॉग आउट करा. बिघडलेल्या प्रती मागून घ्या. मी रात्री दुकान बंद करताना फायली पुसतो आणि वाया गेलेल्या प्रती कटरखाली घालतो, पण सगळे करत नाहीत. तो गठ्ठा रद्दीत जातो आणि कुणाचं तरी आधार भेळेच्या पुड्यावर निघतं. मी स्वतः बघितलंय.

कार्डाचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या ऑनलाईन व्यवहाराला २००९ पासून जादा पडताळणी लागते, पण परदेशातल्या बऱ्याच साईट ओटीपी विचारतच नाहीत. कार्डावरचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की काम झालं. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवा. ही बटणं सगळ्या बँकांना द्यावीच लागतात, ऑक्टोबर २०२० पासून. टॅप करून पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही, तेही नको असेल तर बंद करा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. दाजींना मी हे वाक्य प्रिंट काढून दिलंय. त्या रात्री जेवताना मात्र सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर होती.

त्याच परिपत्रकात दाजींच्या बाजूचंही आहे, ते लपवत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. तेव्हा ओटीपी जपायचाच. माझं भांडण "तेवढंच पुरेसं" या म्हणण्याशी आहे. आणि त्या मोबाईलच्या दुकानाचं नाव मी कुठे घेतलेलं नाही, घेणारही नाही. ड्रमची रेघ प्रत कधीची ते सांगते, ती कुणी विकली ते सांगत नाही.

एक राहिलं. खरेदीखतावर अंगठ्याचे ठसे असतात आणि त्याच्या प्रती पुष्कळ हातांतून जातात. ठशांची नक्कल करून आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढल्याच्या घटना देशात झाल्यात. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, करून ठेवा. मात्र लॉक असताना रेशन दुकानात अंगठा लागत नाही, आधी ॲपमधून उघडावा लागतो. आईचा मी लॉक केला आणि तिला सांगायचं विसरलो, ती रेशनच्या रांगेतून परत आली होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून करा.

नोडल ऑफिसर, क्रेडिट कंपनी आणि लोकपाल यांना पाठवलेली तिन्ही पत्रं माझ्याकडे टाईप केलेली आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. रिपोर्टात काही निघालं तर इथेच खाली लिहा, नाव-नंबर काढून मजकूर देतो. तुमचा पॅन मला पाठवू नका.