ग्रीस नको, नव्वद नंबरचं तेल घाला

(जुन्या गाड्यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणारे एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेतून निवृत्त झालेले फिटर आहेत. १९९६ पासून त्यांच्याकडे स्वतःची स्टँडर्ड हेराल्ड आहे.)

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या वडिलांची १९७० ची चार दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. ते गेल्यापासून अकरा वर्षं ती वाड्यात, माळवदाखाली उभी आहे. वरून माती गळून गळून मूळ रंगही ओळखू येईना. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. गाडी चालू होईल का? सुरुवात कुठून करू? — एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, आधी तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी काय राखलं आहे, ते त्या भंगारवाल्याला कधीच कळलं नसतं. हेराल्ड मूळची इंग्लंडची, १९५९ सालची. तिची घडण मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने आखली. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली. पण चार दारांची हेराल्ड फक्त आपल्याकडे झाली, इंग्लंडातसुद्धा नाही. १९७१ च्या सुमारास ती बंद झाली आणि तिच्या जागी गॅझेल आली. म्हणजे तुमची गाडी अगदी शेवटच्या खेपेतली.

आता कामाचं. चावी फिरवायची घाई करू नका. बॅटरी तर जोडूच नका. पहिल्या दिवशी फक्त झाडू, फडकं आणि टॉर्च घ्या. या गाडीचं बोनेट मडगार्डांसकट अख्खं पुढच्या बाजूला उलटतं. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की गाडीचं पोट उघडं पडतं आणि पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. तिथे उंदरांनी घर केलेलं असणार. चिंध्या, कापूस, तुरीच्या शेंगांची टरफलं असं सगळं काढताना एकेक तार बोटांतून ओढून बघा. वरचं आवरण कुरतडलेलं असेल, तर ती तार बदला, नुसती टेप गुंडाळून भागवू नका. बॅटरी जोडायची वेळ येईल, तेव्हा कुठली तार बॉडीला गेली आहे ते आधी पाहून घ्या. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या गाड्यांना प्लसचं अर्थिंग असतं.

मग चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. तिसऱ्या दिवशी टॉपचा गिअर टाका आणि दोघांनी मिळून गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे हलवा. इंजिन फिरलं की प्लगच्या भोकातून फस्‌ फस्‌ हवा येईल. तो आवाज ऐकल्यावर मला फोन करावासा वाटेल तुम्हाला! इंजिन नाहीच हललं, तर जोर लावू नका. आणखी तेल घाला, आणखी आठवडाभर थांबा.

टाकीतलं अकरा वर्षांचं पेट्रोल काढून टाका. त्याला आता वॉर्निशचा वास येत असेल. टाकी उतरवून धुवा. रबरी पाइप सगळे नवे टाका आणि ते इथेनॉल सोसणारे घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं असलं, तरी जुन्या रबराला ते चालत नाही, रबर फुगतं आणि त्याचा चिखल होतो. गाडीच्या इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपातला पडदाही म्हणूनच बदला.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. चारही चाकांचे ड्रम काढा, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडा. एवढी वर्षं पडून राहिलेल्या ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं, आत गंज असतो. या गाडीला ब्रेकची लाइन एकच आहे. एका जागी गळलं की चारही चाकांचे ब्रेक जातात.

आता जे सांगायला मी हा कागद घेतला, ते. पुढच्या चाकाच्या मागे एक उभा पोलादी दांडा आहे. त्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले आहेत आणि ते एका पितळी तुकड्यात बसतात. त्या तुकड्याला ट्रुनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की तो दांडा पितळेच्या आट्यांत फिरतो. म्हणजे गाडीचं वजन आणि वळण, दोन्ही त्या बोटभर आट्यांवर. त्यात ग्रीस घालायचं नसतं. नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत उतरत नाही, वरच्या वर घट्ट होऊन बसतं, आणि खाली पावसाचं पाणी शिरून पोलाद सडतं.

हे मला १९९८ मध्ये कळलं. त्याच्या आदल्या वर्षी मी गाडी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती. त्यांनी सगळ्या पॉइंटांना ग्रीस गन लावली, यांनाही. मी स्वतः फिटर, पण गाडी परत घेताना विचारलं नाही. बीडहून येताना गेवराईला रसवंतीपुढे गाडी वळवली, वेग दहाचाही नसेल. कट्ट असा आवाज झाला आणि पुढचा उजवा कोपरा खाली बसला. चाक आडवं होऊन मडगार्डात घुसलं होतं. माझी मुलगी मागे बसलेली. दहा मिनिटांपूर्वी आम्ही साठच्या वेगात होतो.

घरी आणून त्या दांड्याचा मोडलेला तुकडा मी पांढऱ्या कागदावर ठेवला. मोडलेल्या तोंडाचा तीन चतुर्थांश भाग काळा होता, तिथली चीर कित्येक महिन्यांपासूनची. उरलेला एक चतुर्थांश चांदीसारखा चमकत होता, तेवढाच त्या दिवशी तुटला. आट्यांत ग्रीसचा काळ्या साबणासारखा गठ्ठा, आणि त्याच्याखाली तांबूस गंज. तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे. हेराल्डवाला कोणी घरी आला की मी पहिल्यांदा तो त्याच्या हातात ठेवतो.

तेव्हा गुरुजी, गाडी रस्त्यावर आणण्याआधी दोन्ही बाजूंचे दांडे सोडवून आटे रॉकेलने धुवा आणि भिंगाखाली बघा. एका बाजूचे आटे उजवे आहेत आणि दुसऱ्या बाजूचे डावे, सोडवताना उलटी ताकद लावू नका. खड्डे दिसले, तर दांडा बदलायचाच. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. सामान चेन्नईच्या पुदुपेट बाजारात शोधावं लागेल. मला दोन फेऱ्या पडल्या. पितळी तुकडा झिजला असेल, तर नमुना दाखवून वाळूजला किंवा जालन्याला चांगला खरादवाला गनमेटलमध्ये करून देतो. आट्यांचं माप मात्र त्याच्याकडून दोनदा तपासून घ्या. पुढे दर दोन-अडीच हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यानंतर तर नक्की, ट्रुनियनचा प्लग (इंजिनाचा नव्हे) काढून त्यात तेल भरायचं. जुनं तेल बाहेर ओघळून नवं दिसेपर्यंत.

जॅक लावून मागची बाजू उचललीत, तर खाली सोडल्यावर मागची चाकं तंगड्या आवळल्यासारखी आत गेलेली दिसतील. घाबरू नका. मागे आडवा पाटा आहे, थोडं पुढे-मागे चालवलं की चाकं सरळ होतात. पण त्याच कारणाने मांजरसुंब्याच्या घाटात वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणातून हलक्या पायाने गाडी खेचत न्यायची.

रंगाचं काम सगळ्यात शेवटी. त्या मातीखाली मूळ रंग नुसत्या पाण्याने निघाला, तर तोच ठेवा.

प्रश्न : फियाट अकराशे आहे, छान पळते. पण मे महिन्यात लातूरहून तुळजापूरला जाताना हमखास दोनदा बंद पडते. अर्धा तास थांबलं की आपोआप चालू होते. कार्बोरेटर तीनदा साफ केला. — एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, कार्बोरेटरला आता त्रास देऊ नका, त्याचा काही दोष नाही. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून आहे. बाहेर बेचाळीस अंश असताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. पुढच्या वेळी बंद पडली की पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत चालू झाली, तर माझं निदान बरोबर. मग पंप आणि इंजिन यांच्यामध्ये फायबरचा जाड ठोकळा आहे का ते पाहा. तो उष्णता अडवायला असतो. पंप काढताना तो हरवतो आणि मग नुसतं पॅकिंग घालून पंप बसवतात. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या तोंडाजवळून जात असेल, तर ती लांबून वळवा.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालता का, ते लिहिलं नाहीत. आपल्याकडे घागरीच्या बुडाशी पांढरी खपली धरते ना, तीच रेडिएटरच्या नळ्यांत धरते. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं. ते गरम पाण्यात विरघळवून रेडिएटरमध्ये भरा, इंजिन थोडा वेळ चालवा, थंड झाल्यावर काढून टाका. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घाला. कुणी थर्मोस्टॅट काढून फेकला असेल, तर परत बसवा. तो नसला, की डिसेंबरच्या सकाळी इंजिन तासभर थंडच चालतं आणि सिलिंडर झिजतात.

प्रश्न : १९७२ ची अँबेसेडर आहे, कागदपत्रं चालू आहेत. व्हिंटेजची नोंदणी करावी का? दर आठवड्याला वावरात जायला गाडी लागते. — नांदेड

उत्तर : मग करू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, आणि तुमचा जुना नंबरही राखता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. तुमची अँबेसेडर वावरात जाते, बी-बियाणं आणते, हे तिचं चांगलं चाललं आहे. साधी नोंदणी मुदतीत वाढवत राहा.

प्रश्न : लँडमास्टरचं इंजिन खूप जुनं, पार्ट मिळत नाहीत, डिझेल इंजिन टाकून देतो असं मेकॅनिक म्हणतो. — जालना

उत्तर : टाकू देऊ नका. तुमच्या शहरात लोखंड वितळतं, लेथ गल्लोगल्ली आहेत, आणि तुम्हाला कोणी पार्ट मिळत नाहीत म्हणून सांगतं? गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापून मिळतं, बुश कातून मिळतात, पिस्टन-रिंग बोअरच्या मापाने शोधता येतात. इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी लागते, आणि उद्या व्हिंटेज नोंदणी करायची म्हटलं तर गाडी मूळ रूपात उरत नाही. शिवाय त्या चेसिसला डिझेलचे धक्के सोसवत नाहीत. काढलेलं जुनं इंजिन कुठे जाईल, ते मेकॅनिकला विचारून बघा.

हेड उघडलंच, तर व्हॉल्व्हच्या बैठका तपासून घ्या. २००० सालापर्यंत आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल मिळायचं, ते या बैठकांना जपायचं. आता व्हॉल्व्ह हळूहळू बिडात रुतत जातो. कडक धातूच्या रिंगा बसवून घेतल्या की ती काळजी मिटते.

प्रश्न : काका, माझे वडील एक्याऐंशी वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलंय. त्यांची पद्मिनी अंगणात आहे. रोज सकाळी पाच मिनिटं ती चालू करून बसतात, मग बंद करतात. भाऊ म्हणतो, गाडी विकून टाकू, बाबांचाही जीव त्यात अडकणार नाही. रोज चालू करणं गाडीला चांगलं आहे ना? — एक लेक, पैठण

उत्तर : ताई, चांगलं नाही. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. चोकचं जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधून खाली तेलात उतरतं. सायलेन्सरमध्ये पाणी धरतं आणि तो आतून कुजतो. सेल्फने जेवढी बॅटरी खाल्ली, तेवढी परत भरत नाही. पण बाबांना हे असं सांगू नका. रोज सकाळची ती पाच मिनिटं त्यांची आहेत. त्यांना रोज बोनेट उघडून तेलाची पट्टी बघू दे, पाणी बघू दे, काच पुसू दे. चावी मात्र पंधरा दिवसांतून एकदा.

आणि त्या दिवशी गाडी तुम्ही चालवा. गिअर स्टिअरिंगवर आहेत, दोन रविवारांत हात बसेल. बाबा शेजारी बसतील आणि शिकवतील, शिकवताना रागावतीलही, तेवढं ऐकून घ्या. सकाळी सहाला निघा, नाथसागराच्या बाजूने वीसेक किलोमीटर करा. पहिले तीन-चार किलोमीटर सावकाश, मग चाळीस-पन्नासला नेऊन ठेवा आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा मधोमध येईपर्यंत थांबू नका. वाटेत बाबा म्हणाले की टॅपेट वाजतोय किंवा मागे काहीतरी खडखडतंय, तर ते वहीत लिहून ठेवा. ज्याने गाडी तीस-चाळीस वर्षं चालवली, त्याच्या कानाला जे कळतं ते माझ्यासारख्याला बोनेट उघडूनही लवकर सापडत नाही. पुढच्या महिन्यात ती वही मला पाठवा. आणि भावाला सांगा, गाडीचं गिऱ्हाईक वर्षभराने शोधता येईल.