लाकडी डॅशबोर्ड : वाड्याचे सागवान, प्लाय की व्हिनियर?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ अंबड येथील शेडमध्ये एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती बांधत आहोत. चॅसिस आणि फायबरची बॉडी तयार असून आता डॅशबोर्ड करायचा आहे. जुन्या नाशकातला आमचा वडिलोपार्जित वाडा उतरवला, तेव्हा निघालेल्या सागवानी तुळया आम्ही जपून ठेवल्या आहेत. त्यांतली एक चिरून अखंड फळीचा डॅशबोर्ड करावा, असे आम्हाला वाटते. लाकूड पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले असल्यामुळे ते आता मुळीच हलणार नाही, असे आमचे मिस्त्री म्हणतात. काही जाणकार मात्र प्लायवर अक्रोडाचे व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावण्याचा सल्ला देतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : लाकूड निवडण्याआधी आपल्याला मूळ गाडीशी प्रामाणिक राहायचे आहे की स्वतःच्या आवडीची गाडी करायची आहे, हे दोघा भावांनी बसून ठरवावे, कारण १९६२ साली आलेल्या मूळ कोब्राचा डॅशबोर्ड लाकडी नव्हता. सपाट पॅनेलवर काळे आच्छादन आणि त्यात बसवलेली गोल मीटर, असे त्याचे साधे रूप होते. लाकूड होते ते स्टिअरिंग चाकाच्या कड्याला. त्या काळातल्या इतर इंग्रज गाड्यांत लाकडी डॅशबोर्ड जरूर होते. लोटस एलान आणि ट्रायम्फ टीआर-४ए या गाड्यांत ते दिसतात. १९४८ साली आलेल्या जग्वार एक्सके-१२० मध्ये तर असे होते की, उघड्या गाडीचा डॅशबोर्ड चामड्याने मढवलेला असे आणि पुढे आलेल्या बंद छपराच्या कूपेत तो अक्रोडाच्या व्हिनियरचा असे. पावसापाण्यात उघडी राहणारी गाडी आणि छपराखालची गाडी यांत त्या कारखान्याने केलेला हा भेद आपणही लक्षात घेण्याजोगा आहे. तरीही आपल्या घरच्या वाड्याचे लाकूड रोज डोळ्यांसमोर असावे, ही इच्छा मला मूळ गाडीच्या नकलेपेक्षा मोलाची वाटते. म्हणून ते लाकूड वापराच, पण अखंड फळीच्या रूपात वापरू नका.

मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे आहे. जुने सागवान पिळत नाही, सहसा वाकत नाही आणि नव्या लाकडासारखे सुकताना फाटत नाही. परंतु हवेतला दमटपणा शोषून घेण्याचा आणि तो परत सोडण्याचा लाकडाचा गुण कितीही वर्षे गेली तरी जात नाही. वाड्यात ती तुळई छपराखाली, सावलीत, चारी बाजूंनी मोकळी होती. तिची रुंदी ऋतूप्रमाणे थोडी कमीजास्त होत असे, आणि तसे झाल्याने कोणाचे काही बिघडत नसे. डॅशबोर्डमध्ये हीच हालचाल स्क्रू आणि बोल्टांनी जखडली जाते. नाशिकचा मे महिन्यातला कोरडा उन्हाळा आणि जुलै-ऑगस्टची संततधार यांच्यामध्ये लाकडातल्या ओलाव्यात सहा टक्क्यांचा फरक पडला, तर वीस सेंटिमीटर उंचीची सपाट चिरलेली सागवानी फळी सुमारे दोन मिलिमीटर फुगते. त्याच लाकडाची फळी गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने चिरलेली असेल, तर ही वाढ जवळजवळ निम्म्यावर येते. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड नगण्य हलते, त्यामुळे सव्वा मीटर लांबीची काळजी करण्याचे कारण नाही. सगळा प्रश्न त्या वीस सेंटिमीटरचा आहे.

त्यातच या फळीला आपण ओळीने भोके पाडणार आहात. वेग आणि इंजिनाचे फेरे दाखवणारी मोठी मीटर जुन्या पद्धतीची घेतली, तर त्यांना साधारण १०० किंवा ८० मिलिमीटरची भोके लागतात, तर तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, इंधन यांच्या लहान मीटरांना ५२ मिलिमीटरची. लाकडाचे तंतू आडवे आणि भोकेही आडव्या ओळीत, अशी रचना झाली की दोन भोकांमधला अरुंद पट्टा हीच सर्वांत कच्ची जागा ठरते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर एका मीटरच्या कडेपासून शेजारच्या मीटरपर्यंत केसासारखी बारीक चीर जाते, आणि ती एकदा गेली की पॉलिशच्या कितीही थरांनी झाकली जात नाही.

यावर उपाय असा की, तुळईतून दोन मिलिमीटर जाडीचे लाकडाचे पातळ पत्रे बँडसॉवर (पट्टा करवतीवर) चिरून घ्यावेत आणि ते नऊ मिलिमीटरच्या मरीन प्लायवर, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवर, चिकटवावेत. चिरण्यापूर्वी तुळईवरून धातुशोधक यंत्र जरूर फिरवावे. जुन्या तुळयांत आत मोडून राहिलेले घडीव खिळे वरून दिसत नाहीत, आणि एका खिळ्याने करवतीचे पाते वाया जाते. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. या दर्जाच्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवण्याची कसोटी असते. फर्निचरसाठी सर्रास मिळणारा आयएस ३०३ चा साधा प्लाय पावसात उघड्या राहणाऱ्या गाडीसाठी योग्य नाही. दर्शनी बाजूला पत्रा लावला की मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा, त्याच दिशेच्या तंतूंचा पत्रा लावणे अत्यावश्यक आहे, नाहीतर पॅनेल काही आठवड्यांतच धनुष्यासारखे वाकते. मागचा पत्रा गाठीचा किंवा डागाळलेला असला तरी चालतो. लागोपाठ चिरलेले दोन पत्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून मधोमध जोडले, तर डाव्या आणि उजव्या बाजूला तंतूंचे एकच चित्र उलटसुलट उमटते. आपल्या तुळईत कुठे गाठ किंवा नागमोडी रेषा असेल, तर ती या जोडाच्या जवळ घ्यावी. सरळ रेषांच्या सागवानात अशी एखादीच जागा असते आणि सगळी शोभा तिच्यातूनच येते. अक्रोडाचे बाजारातले व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे असते, त्यामुळे ते पुन्हा घासून नवे करण्याची सोय फारशी राहत नाही. शिवाय उन्हात अक्रोडाचा रंग उतरून फिका पडतो. आपल्यापाशी घरचे सागवान असताना ते विकत आणण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

चिकटवण्यासाठी फर्निचरवाल्यांचा नेहमीचा कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह वापरू नये. उघड्या गाडीचा डॅशबोर्ड मेमध्ये हाताला चटका बसेल इतका तापतो, त्या उष्णतेने हा गोंद मऊ पडतो आणि पत्र्याखाली फुगे येतात. सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी वापरावे. सागवानात नैसर्गिक तेल असते व त्यामुळे त्यावर काहीही धड चिकटत नाही, म्हणून गोंद लावण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसावा. आदल्या दिवशी पुसून ठेवल्यास रात्रीतून तेल पुन्हा वर येते.

आता पॅनेलची एकूण जाडी तेरा मिलिमीटर झाली. टॉगल स्विचच्या आट्यांची लांबी बहुधा दहा-बारा मिलिमीटरच असते, त्यामुळे स्विच बसवायला गेल्यावर पुढून नट धरायला आटेच उरत नाहीत. प्रत्येक स्विचच्या जागी मागच्या बाजूने पंचवीस मिलिमीटर व्यासाची खाच घेऊन तेथे तीन-चार मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवावे. हे काम पॉलिशच्या आधी करायचे असते, आणि अंबड-सातपूर भागात सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या कोरणी यंत्रावर) ते अचूक करून मिळू शकते. होल सॉने (गोल भोके पाडणाऱ्या करवतीने) भोके पाडणार असाल, तर दर्शनी बाजूला चिकटपट्टी लावून खाली टाकाऊ फळी घट्ट आवळावी, म्हणजे कडा उचकटत नाहीत.

वायरिंगबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. धातूच्या पत्र्याच्या डॅशबोर्डमध्ये अनेक मीटरांना आणि त्यांच्या दिव्यांना अर्थिंग बॉडीतूनच मिळते. लाकडात ते मिळत नाही. प्रत्येक मीटरच्या मागच्या पकडीपासून एक स्वतंत्र काळी वायर काढून त्या सगळ्या एका ठिकाणी चॅसिसला जोडाव्यात. तसे न केल्यास काटे वेडेवाकडे फिरतात आणि दोष मीटरमध्ये शोधला जातो.

पॅनेल पोलादी पट्टीच्या चौकटीवर रबरी वॉशर घालून, थोड्या लांबट भोकांतून बोल्ट करावे. वरच्या थरासाठी अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे दोन घटकांचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश पाच-सहा हातांत द्यावे आणि शेवट सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा, ठेवावा. आरशासारखी चकाकी प्रदर्शनात छान दिसते, पण दुपारी गाडी चालवताना तिचे प्रतिबिंब काचेत आणि डोळ्यांत येते. पावसाळ्यात पीयू मारू नये. हवेतला ओलावा त्यातल्या हार्डनरशी अभिक्रिया करतो आणि थरात बारीक बुडबुडे धरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. थंडीत मात्र हे काम दुपारीच करावे, कारण निफाडसारखी गारठलेली पहाट थर सुकू देत नाही.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करू नये. एकेकट्या बांधलेल्या गाड्यांच्या ब्रिटनमधील तपासणीत डोके आपटू शकेल अशा भागातील कडांना किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेला १९ मिलिमीटरची. तेरा मिलिमीटरच्या लाकडातून ती दुसरी गोलाई निघूच शकत नाही. त्यामुळे खालच्या कडेला पोलादी पाइप, त्यावर फोम आणि काळे रेक्झिन असा गोल काठ द्यावा. गुडघे वाचतात, आणि मूळ कोब्राच्या काळ्या आच्छादनाची आठवणही राहते. भारतात डॅशबोर्डच्या लाकडाहून नोंदणीचा प्रश्न मोठा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि नव्याने बांधलेल्या वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची चाचणी लागते. गाडी रस्त्यावर आणायची असेल, तर पॉलिशवर पैसे घालण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी.

प्रश्न : माझ्या उघड्या गाडीच्या लाकडी डॅशबोर्डवर यंदाच्या पावसाळ्यात मीटरभोवती दुधाळ पांढरी वलये उमटली आहेत. पॉलिश करणाऱ्याने वरून आणखी एक हात दिला, तरी ती गेली नाहीत. संपूर्ण पॅनेल बदलावे लागेल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. वलये फक्त भोकांभोवती आहेत आणि मधला भाग स्वच्छ आहे, यावरून पाणी वरून आत शिरलेले नसून भोकाच्या आतल्या कडेने शिरले आहे, असे दिसते. तेथे तंतूंची तोंडे उघडी असतात आणि मीटरच्या चकचकीत कड्याखाली पॉलिश पोहोचलेलेच नसते. कडे काढून बोट फिरवल्यास ही आतली कड खरखरीत, कच्ची लागेल. अडकलेला ओलावा बाहेर पडण्याआधीच वरून दिलेल्या नव्या हाताने तो अधिकच कोंडला गेला. सर्व मीटर काढून पॅनेल घरात पंख्याखाली काही आठवडे सुकू द्यावे. उन्हात ठेवू नये. नंतर वलयांचा भाग लाकडापर्यंत घासावा, प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला पातळ इपॉक्सीचे दोन हात द्यावेत आणि मगच पीयू मारावे. घासताना व्हिनियर झिजून खालचा प्लाय उघडा पडणार नाही, याची काळजी घ्यावी. जुने पॉलिश स्पिरिटच्या बोळ्याने विरघळत असेल, तर ते लाखेचे आहे. तसे असल्यास ते सगळेच काढून टाकावे, कारण लाख पाण्याने पांढरी होते आणि उन्हाने मऊ पडते.

प्रश्न : एका वाइनरीतून बाद झालेल्या ओकच्या पिंपांच्या फळ्या मला मिळत आहेत. त्यांचा डॅशबोर्ड होईल का?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : होईल, पण तो पट्ट्या जोडूनच करावा लागेल. पिंपाच्या फळ्या अरुंद असतात, दोन्ही टोकांना निमुळत्या होतात आणि वाकवलेल्या असतात. त्या सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. फळीच्या मधल्या भागातून लहान, सपाट तुकडे काढून त्यांचे पातळ पत्रे चिरावेत आणि ते मरीन प्लायवर उभ्या पट्ट्यांसारखे शेजारी शेजारी लावावेत. एक मोठा फायदा असा की, गळती टाळण्यासाठी पिंपाचा ओक गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनेच फाडलेला किंवा चिरलेला असतो. त्यामुळे तो कमी हलतो आणि त्यावर ओकचे खास चमकदार पट्टे दिसतात. आतल्या बाजूचा भाजलेला काळा थर आणि वाइनने रंगलेला भाग रंध्याने काढावा लागेल. तो जांभळट रंग आवडला म्हणून ठेवलात, तरी उन्हात तो तपकिरी पडतो. साधे लोखंडी स्क्रू मात्र कुठेही वापरू नका. ओकमधल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला आणि त्यात ओल मिळाली, की स्क्रूभोवती निळसर काळे डाग पडतात व ते लाकडात खोल जातात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत, आणि घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल वापरू नये, कारण त्यांचे तंतूंत अडकलेले कणही पहिल्याच पावसात काळे होऊन दिसू लागतात.