रेषा छेदल्या म्हणजे दोघांचा वेग सारखा झाला का?

तुम्ही विचारलंय की शर्यतीच्या अंतर-काल आलेखात (आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर) दोन धावपटूंच्या रेषा जिथे छेदतात तिथे दोघांचा वेग सारखा धरायचा का, आणि जिंकलं कोण हे कसं ओळखायचं. पहिल्याचं उत्तर नाही. माझी मुलगी नववीत असताना नेमकी इथेच चुकायची (मीही चुकलोय शाळेत). रेषा छेदल्या म्हणजे त्या क्षणी दोघं एकाच जागी आहेत, एवढंच. एकजण दुसऱ्याला ओव्हरटेक करतोय, मग वेग सारखा कसा असेल? मागून येणाऱ्याची रेषा जास्त उभी असणारच. वेग चढावरून बघायचा, उंचीवरून नाही.

जिंकलं कोण ते बघायला पट्टी घ्या आणि शर्यतीच्या एकूण अंतरावर आडवी ठेवा, ज्याची रेषा पट्टीला सगळ्यात डावीकडे लागते तो पहिला. पट्टी उभी धरली तर त्या सेकंदाला पुढे कोण होतं ते कळतं. रेषा सपाट झाली तर गडी थांबलाय, ससा-कासवातला ससा.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकची 800 मीटर फायनल. अमेरिकेचा डेव्ह वॉटल, डोक्यावर गोल्फची टोपी, सुरुवातीला सगळ्यांच्या मागे आणि शेवटी गोल्ड! बघणाऱ्याला वाटतं काय सुसाट सुटला शेवटी, पण त्याचे 200-200 मीटरचे टाइम बघा, साधारण 26.4, 26.9, 26.4, 26.2 सेकंद. म्हणजे ग्राफ काढला तर जवळजवळ पट्टीने मारलेली सरळ रेघ. पुढचे आधी जोरात पळाले, त्यांच्या रेषा आधी उभ्या आणि मग दमल्यावर वाकत गेल्या, आणि याची सरळ रेघ त्यांना एकेक करून छेदत गेली. म्हणजे तो सुटला कमी आणि बाकीचे ढेपाळले जास्त, हे टीव्हीवर कळत नाही, ग्राफवर लगेच दिसतं.

फक्त शेवटचा छेद ग्राफवर शोधू नका. वॉटल 1:45.86, सोव्हिएतचा अर्झानोव 1:45.89. 1 सेमीला 10 सेकंद घेतले तर हा फरक 0.03 मिमी येतो, पेन्सिलची रेघच त्याहून जाड असते, तिथे सरळ टाइम वाचायचे.